नोकरीपुरतं इंग्रजी

भोईर सर कुठेही आत शिरायच्या आधी खोकायचे. सर्दीचा खोकला नव्हे. मी येतोय एवढं सांगणारा. दोनदा, मध्ये जरा थांबून. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातसुद्धा पायरीवर उभे राहून आधी खोकणार, मग चपला काढणार, मग आत. सुरुवातीला माझं डोकंच फिरायचं. एकदा म्हटलं, "अहो, हे दुकान आहे, कुणाचं माजघर नाही. या की सरळ." तर म्हणाले, "सवय आहे, मालकीणबाई. घरात सून आहे."

मी वाढले उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. तिथे एकाच खोलीत सासरा, सून, शिलाईची दोन मशिनं आणि जीन्सचे गठ्ठे. सासरा खोकून येणार कुठून आणि सून लपणार कुठे? लग्न होऊन बदलापूर गावात आले, तेव्हा इथल्या जुन्या आगरी घरांतल्या रीतीभाती मला नवीनच होत्या. म्हणून ते वाक्य मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

आमची ओळख झाली ती भांडणातून. दुकानात झेरॉक्सबरोबर मी टायपिंग करते, ऑनलाइन फॉर्म भरते आणि बायोडेटा बनवून देते. बायोडेटाचा फॉरमॅट मी कॅम्प चारमधून आणलेला. तिथल्या एका सिंधी अंकलच्या दुकानात मी टायपिंग शिकले. त्यांनी आपल्या मुलासाठी बनवलेला बायोडेटा कॉम्प्युटरवर होता, तोच मी पेन ड्राइव्हवर घालून घेऊन आले. नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, शिक्षण बदलायचं. बाकी मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर वगैरे सगळं जसंच्या तसं. धंदा झकास चालला होता.

एका सकाळी पायरीवर खोकला झाला आणि एक काटकुळे गृहस्थ आत आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. हातात माझाच एक बायोडेटा.

"हा तुम्ही बनवला?"

"हो. काय चुकलं?"

"माझा पुतण्या काल अंबरनाथला एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. इथून अकरा जण होते. अकराच्या अकरा जणांचे छंद पोहणे आणि पोस्टाची तिकिटं गोळा करणे."

अंकलचा मुलगा पोहायचा. छंदाची ओळही बदलायची असते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"साहेबाने पहिल्याला विचारलं, कुठे पोहतोस? तो म्हणाला, उल्हास नदीत. दुसरा म्हणाला, उल्हास नदीत. पाचव्यापर्यंत साहेब हसत होता. सहावा देशावरचा, जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलेला नाही. तो म्हणाला, सर, सध्या बंद आहे."

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अकरा जण घरी आले, बाई. एकतीस वर्षं मी हाच कागद पोत्यात भरत होतो. आता नदीवरनं हसतात, एवढाच फरक."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते गेटवरच्या टाइम ऑफिसात होते. नोकरीसाठी येणारे अर्ज घ्यायचे, वाचायचे आणि दोन ढीग लावायचे. एक वर साहेबाकडे जायचा, दुसरा पोत्यात. "पोतं मोठं होतं," एवढंच म्हणाले. कारखाना बंद पडला, हे घरी बसले, पण माणसाच्या अंगातला भोंगा काही बंद पडला नाही. आठला पाच कमी असताना ते कुठे ना कुठे हजर असायचेच, मग ते कुठे म्हणजे देवळाचा कट्टा का असेना.

"तुमची मागची खोली रिकामी आहे ना?" त्यांनी विचारलं. "सकाळी दोन तास द्या. मी शिकवतो यांना."

खोली कसली, दुकानाचाच मागचा अर्धा भाग. मध्ये प्लायवूडची भिंत आणि दाराच्या जागी पडदा. मी कागदाचे गठ्ठे हलवले. आठ दिवसांत बाहेर पाटी लागली: 'येथे नोकरीपुरते इंग्रजी शिकवले जाईल.' मी म्हटलं, अहो, पुरते कशाला, स्पोकन इंग्लिश लिहा, गर्दी होईल. तर म्हणाले, "जेवढं येतं तेवढंच लिहावं."

हे त्यांचं खरं होतं. त्यांचं इंग्रजी सगळं गेटवरचं. एकदा एका कॉलेजच्या पोरीने त्यांचं वाक्य भर वर्गात दुरुस्त केलं. सरांनी लाल पेन काढलं, आपल्याच वहीतली चूक खोडली आणि तिला म्हणाले, "थँक यू, मॅडम." ती पोर बिचारी लाजून लाल.

वर्गात बाकं नव्हती, सतरंजी होती. टेबल एक, खुर्च्या दोनच. एक प्लास्टिकची, ती सरांची. दुसरी लाकडाची, दांडगी, हात असलेली. कारखान्याचं सामान मोडीत निघालं तेव्हा सरांनी ती मागून घेतली होती. टाइम ऑफिसात मुलाखतीला आलेल्या माणसाला बसवायची ती खुर्ची. प्रत्येकाने बाहेरून यायचं, आत येऊ का विचारायचं आणि त्या खुर्चीत बसून उत्तरं द्यायची. आमची माणसं बसायची कशी, तर टोकावर, जसं काही आत्ता कुणी उठवणार आहे. सरांचं एक वाक्य ठरलेलं: "खुर्ची पूर्ण भरा. तुम्ही बसायला आलात, उठायला नाही." मला प्लायच्या अलीकडे ते रोज ऐकून पाठ झालं होतं. गिऱ्हाइकाला स्टूल दिलं तरी माझ्या तोंडून तेच निघायचं.

शब्द शिकवायची तऱ्हाही त्यांची स्वतःची. रोज पाचच शब्द. व्हेकन्सी, शिफ्ट, नोटीस पीरियड, असले. रेफरन्स म्हणजे काय हे त्यांनी असं सांगितलं: "तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल चांगलं बोलेल असा माणूस. असला तर नाव लिही. नसला तर आधी दोन वर्षं तसं वाग, मग लिही."

आणि एक नियम होता. आधी तू काय काम केलंस ते मराठीत सांगायचं. मराठीत धड सांगता आलं की मगच इंग्रजी मिळणार. शंकर नावाचा एक तरुण कॅम्प चारमधल्या जीन्स रंगवायच्या कारखान्यात होता. त्याने अर्जात स्वतःला फ्रेशर लिहिलं. सर म्हणाले, "किती वर्षं काम करतोस?"

"नऊ साल झाले, सर. लेकिन लेटर नाही, पगाराची स्लिप नाही. मग अनुभव काय दाखवणार? फ्रेशर टाकलं सीधा."

"हात दाखव."

त्याने हात पुढे केले. नखं निळी, बोटांच्या पेरांत निळं. साबणाने न जाणारं.

"नऊ वर्षांचं सर्टिफिकेट बोटाला लावून फिरतोस आणि फ्रेशर म्हणवतोस?" सर म्हणाले. मग त्याच्याकडून एकेक वदवून घेतलं. रंग किती किलोला किती टाकतोस, मशिन कसं भरतोस, छटा जुळली हे कसं ओळखतोस. तो मराठी-हिंदीत सांगत गेला, सर इंग्रजीत लिहीत गेले. पान भरलं. शंकर त्या पानाकडे बघतच बसला. त्याला ती नोकरी मिळाली नाही, त्याच्या पुढची मिळाली.

आमची बहुतेक माणसं अशीच. ज्या कामाचा कागद नाही ते काम त्यांच्या लेखी कामच नाही. अनुभव विचारला की 'नाही' लिहून मोकळी. मीसुद्धा तशीच टाइप करून द्यायचे. पोत्यात गेलेल्यांतले निम्मे या एका शब्दापायी गेले, असं सर म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा काही बरा दिसायचा नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मराठीत बोलताना सर पोरांना अरेतुरे करायचे, गावातल्या पोरींना 'काय गं' म्हणायचे. इंग्रजी सुरू झालं की सगळे सर आणि मॅडम. पुतण्यालासुद्धा सर. मी विचारलं तर म्हणाले, "मराठीत नाती मध्ये येतात, मालकीणबाई. हा भावाचा पोर, ती शेजारणीची लेक. इंग्रजीत सगळे नुसते कॅन्डिडेट."

वर्ग सुरू होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा एक बाई दुकानात यायला लागली. तिशीतली, ओढणी डोक्यावर. आधार कार्डाची एक झेरॉक्स मागायची. काढून दिली तरी जायची नाही; यंत्राजवळ उभी राहून ती झेरॉक्स निरखत बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा आधार कार्ड, पुन्हा एकच झेरॉक्स. आठवडाभर हे चाललं. शेवटी मी म्हटलं, "बाई, एकदम पन्नास काढून देते ना. घरात आधार कार्डांची शेती करणार आहेस का?"

तिने बोट ओठांवर ठेवलं आणि प्लायकडे खूण केली. पलीकडे सर सांगत होते, अर्जात पगाराची अपेक्षा कशी लिहायची. ती ऐकत होती.

"मग आत जाऊन बस की," मी म्हटलं.

"कसं बसणार, ताई? मामंजी आहेत ते माझे."

ही सरांची सून, वनिता. मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. नवरा, संतोष, केमिकलचा टँकर चालवतो, आठ-आठ दहा-दहा दिवस बाहेर. घरात सासरा, ही आणि सहा वर्षांची परी. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासऱ्याशी थेट एक शब्द बोललेली नाही. भांडण म्हणून नाही हो. मर्यादा म्हणून. ते आले की उठून उभं राहायचं, त्यांच्यासमोर बसायचं नाही, तोंडाकडे बघून बोलायचं नाही. तेही घरात शिरताना खोकून येणार, म्हणजे हिला ओढणी सारखी करायला वेळ मिळावा. सासू होती तोवर निरोप सासूमार्फत. सासू गेली आणि ते काम परीकडे आलं. आजोबा, आई विचारते भात वाढू का? आईला सांग, थोडाच वाढ. परी शाळेत असली की वनिता भांड्यांशी बोलायची, "चहा झालाय," आणि सर दाराच्या चौकटीला म्हणायचे, "ठेवून दे."

मी कपाळाला हात लावला. अख्ख्या बदलापूरला बोलायला शिकवणारा माणूस, आणि घरात हे!

वनिताला नोकरी करायची होती. नवऱ्याचा टँकर आणि त्याची वाट बघणं याच्या पलीकडे आपलं स्वतःचं काहीतरी असावं, असं तिचं म्हणणं होतं. संतोषला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, बाबांना विचार. "आता सांगा, ताई. ज्या माणसाशी कधी बोलले नाही, त्याच्याशी पहिलं बोलणं नोकरीचं काढू?"

तर अशी ती रोज नऊ वाजता परीला शाळेत सोडून यायची आणि एका झेरॉक्सच्या भाड्याने वर्ग करायची. दिवाळीनंतर एक दिवस सरांनी टेबल हलवलं. आधी त्यांची पाठ प्लायकडे असायची, आता तोंड झालं. आवाजही चढवला. एका पोराने विचारलं तर म्हणाले, "मला हल्ली कमी ऐकू येतं." कमी ऐकू येणारा माणूस पायरीवर चप्पल वाजली की कुणाची ते ओळखतो म्हणा! मी वनिताला काही बोलले नाही. तिलाही कळलं असणार, पण तिनेही काही दाखवलं नाही. एखादा शब्द विसरली तर ती जरा जोरात "अं?" करायची, आणि पलीकडे सर तोच शब्द पुन्हा सांगायचे, जणू वर्गातल्याच कुणी विचारलं.

खरवईच्या एका कंपनीत डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या खात्यात, माणूस हवा होता. सरच अशा जागा कागदावर लिहून माझ्या काचेवर चिकटवायचे. वनिता म्हणाली, माझा अर्ज टाका. अनुभवाच्या रकान्यापाशी आल्यावर म्हणाली, "काही नाही लिहा."

"मराठीत सांग," मी म्हटलं. वाण नाही पण गुण लागला होता.

निघालं असं की संतोषच्या टँकरची सगळी कागदपत्रं हीच बघत होती. कुठला माल, किती, कुठे उतरवला, पोहोच मिळाली का, विमा कधी संपतो, परमिट कधी संपतं, सगळं एका वहीत. माल अडकला की ट्रान्सपोर्टवाल्याला फोन हीच करायची. सात वर्षं. मी टाइप करत गेले आणि पान भरलं.

मुलाखत झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती आली ती आधार कार्ड न काढताच. यंत्राला टेकून उभी राहिली.

"काय झालं गं?"

"साहेब वयस्कर होते, ताई. पांढरे केस, पांढरा शर्ट. बसा म्हणाले. मी बसलेच नाही. पायच वाकेनात. डोक्यावर ओढणी कधी घेतली तेही कळलं नाही. विचारलेलं सगळं मला येत होतं. उत्तरं दिली मी सगळी, पण भिंतीकडे बघून. ते म्हणाले, बाई, तुम्हाला इथे काम करायची इच्छा दिसत नाही."

"इच्छा दिसत नाही?" मी केवढ्याने तरी ओरडले.

प्लायच्या पलीकडचा आवाज बंद पडला होता. सर काहीतरी सांगत होते, ते अर्ध्यावर राहिलं. मग ते वर्गाला म्हणाले, "आज इथपर्यंतच." घड्याळात साडेनऊ झाले होते. त्या माणसाने अर्धा तास आधी सोडलेला तो पहिलाच वर्ग.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी पोरांना लवकर घालवलं. वनिता आली होती. आता ऐकण्यासारखं काही नव्हतं, पण सवयीने आली. मी तिला चहा देत होते तेवढ्यात पडद्यामागे खोकला झाला. दोनदा.

"नेक्स्ट कॅन्डिडेट," सर म्हणाले.

वनिता माझ्याकडे बघायला लागली. "ताई, आत मामंजी आहेत."

"आत साहेब आहे. जा."

तिच्या हातातला कप मी काढून घेतला. ती पडद्यापाशी गेली आणि घशातल्या घशात म्हणाली, "मे आय कम इन, सर?"

"येस. कम इन. प्लीज सिट डाउन."

पडदा अर्धा सरकला होता, मला सगळं दिसत होतं. ती त्या लाकडी खुर्चीशेजारी उभी. मान खाली. सर भिंतीकडे बघत मला म्हणाले, "मालकीणबाई, तिला सांगा, बस म्हणावं."

मला काय झालं कोण जाणे. नऊ वर्षं हेच तर चाललंय. आधी सासू, मग ती एवढीशी पोर, आणि आता मी? मी तिथूनच म्हटलं, "मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा!"

सर मग टेबलावर हात टेकून उठले. उजवा गुडघा त्यांना फार सतावायचा, वर्गातही ते उठायचे नाहीत. पण उभे राहिले. इंग्रजीतच म्हणाले, उमेदवार उभा असेल तर साहेबही उभा राहणार. दोघं उभे. पंखा फिरतोय, माझ्या यंत्रात कागद अडकल्याचा दिवा लागलाय, कुणी हलत नाही. सरांचा पाय थरथरायला लागला. शेवटी तिलाच ते बघवेना. ती बसली, खुर्चीच्या टोकावर.

"खुर्ची पूर्ण भरा," सर म्हणाले. मराठीत. थेट तिला.

ती मागे सरकली. पाठ लाकडाला लागेपर्यंत सरकली. मग सर बसले आणि मुलाखत सुरू झाली.

सगळं इंग्रजीत. नाव, शिक्षण, अनुभव. टँकरच्या वहीबद्दल त्यांनी खोदून खोदून विचारलं. सात वर्षं ती वही त्यांच्याच छपराखाली लिहिली जात होती, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. ती आधी टेबलाकडे बघून बोलत होती, मग त्यांच्या पेनांकडे, मग तोंडाकडे. घरात कोण कोण असतं, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, नवरा, मुलगी, सासरे.

"सासरे काय करतात?"

"शिक्षक आहेत, सर. इंग्रजी शिकवतात."

"तुम्ही नोकरी करणार हे त्यांना चालतं?"

ती मग म्हणाली, "माहीत नाही, सर. आम्ही बोलत नाही."

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. म्हणाले, "ही हॅज नो ऑब्जेक्शन."

"हाउ डू यू नो, सर?"

"आय नो दॅट मॅन," सर म्हणाले. "त्याने फार आधी सांगायला पाहिजे होतं." एवढं शेवटचं मराठीत, आणि ते पुन्हा भिंतीकडे बघून.

मी यंत्रात अडकलेला कागद ओढत बसले. मला रडू आलं होतं, सांगून टाकते.

पुढे महिन्याभराने अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका कंपनीत तिला डिस्पॅचला घेतलं. तिथला साहेबही पांढऱ्या केसांचा होता, म्हणाली. ती बसली.

घरात मग सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं ना? छे! मराठीत मर्यादा होती तश्शीच राहिली. सर खोकूनच घरात यायचे. फक्त दोघं इंग्रजीत बोलायला लागली. सकाळी ओटीवर सर पेपर वाचत असले की आतून आवाज, "टी इज रेडी, सर." "थँक यू, मॅडम." उशीर झाला तर फोन करून सांगायची, "सर, आय विल बी लेट बाय वन अवर," आणि सर भात लावून ठेवायचे. अख्खी आळी हसायची. शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, "सासरा-सून साहेब झालीत गो, आमाला काय समजत नाय." परीची मात्र निरोप्याची नोकरी गेली.

दोन वर्षांनी सरांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी जिना, चढ, बोलणं सगळं बंद केलं. वर्ग थांबला. पाटी मी काढली नाही, सरांनीही काढा म्हटलं नाही. ती लाकडी खुर्ची तेवढी त्यांनी टेम्पोत घालून घरी मागवली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका संध्याकाळी, सहाच्या सुमारास. मोसंबी घेऊन गेले होते. ओटीच्या आतल्या खोलीत कॉटवर पडले होते, फार वाळलेले, पण शर्ट पांढरा आणि खिशात पेनं. डोळे मिटलेले. खुर्ची उशाशी होती. मी तिच्यात बसले नाही, पेटीवर टेकले. मोसंबी कुठे ठेवू ते बघत होते.

तेवढ्यात वनिता कामावरून आली. गळ्यात कंपनीचं कार्ड, खांद्याला पिशवी, ओढणी खांद्यावरच. दारात थांबली आणि खोकली. दोनदा, मध्ये जरा थांबून.

मग आत येऊन तिने पिशवी खाली ठेवली, ती खुर्ची कॉटजवळ ओढली आणि बसली. पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. सरांनी डोळे उघडले. त्यांना नीट दिसत होतं की नाही कोण जाणे. ओठ हलले.

"प्लीज सिट डाउन, मॅडम," ते म्हणाले.

"बसलेय, मामंजी," वनिता मराठीत म्हणाली, त्यांच्या तोंडाकडे बघून. "पूर्ण बसलेय."